एका होस्टिंगवर अनेक वेबसाइट: सबडोमेनविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात फोंडा, डिचोली, पेडणे भागातल्या ज्या लोकांच्या वेबसाइट मी सांभाळतो, त्यांचे हे प्रश्न. बहुतेक फोनवर येतात, आणि त्यातले निम्मे नेमके चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात. तीच उत्तरं देऊन देऊन घसा बसायला लागला, म्हणून एकदाच लिहून ठेवली.

खऱ्या कुणाचा पत्ता नको, म्हणून सगळीकडे ‘उदाहरण डॉट कॉम’ हेच नाव घेतलंय. पत्ते इथे बोलतो तसे लिहिलेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं.

सबडोमेन म्हणजे नेमकं काय?

वेबसाइटचा पत्ता उजवीकडून डावीकडे वाचायला शिका, म्हणजे अर्धं काम झालं. गोवा सरकारचा पत्ता घ्या: गोवा डॉट गव्ह डॉट इन. शेवटचं ‘इन’ देशाचं. त्याच्या पोटात ‘गव्ह’, म्हणजे सरकारी. त्याच्या पोटात गोवा. डावीकडचं प्रत्येक नाव उजवीकडच्याच्या अधिकारात असतं.

तुम्ही उदाहरण डॉट कॉम हे डोमेन, म्हणजे मुख्य नाव, विकत घेतलंत की त्याच्या डावीकडे काय लावायचं ते तुम्ही ठरवायचं. डावीकडे लावलेलं असं नाव म्हणजे सबडोमेन. ‘दुकान डॉट उदाहरण डॉट कॉम’ करायला कुणाची परवानगी लागत नाही आणि डोमेन विकणाऱ्याला वेगळे पैसेही द्यावे लागत नाहीत. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ हेसुद्धा खरं तर सबडोमेनच आहे, फक्त सवयीमुळे तसं वाटत नाही.

नावांची ही उतरंड आज ज्या नियमांवर चालते, ते पॉल मोकापेट्रिस यांनी नोव्हेंबर १९८७ मध्ये लिहून प्रसिद्ध केले. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा घटकराज्य झालं. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण मला साल लक्षात ठेवायला बरं पडतं.

माझ्याकडे होमस्टे आहे, मसाल्यांची विक्री आहे आणि गावचं नाट्यमंडळही मीच बघतो. तीन डोमेन घेऊ की एकाखाली तीन सबडोमेन?

सावईवेऱ्याला कुळागर (पोफळी-मसाल्यांची बाग) असलेल्या एका घरातून हा प्रश्न आला होता. दोन खोल्या पाहुण्यांना, घरची मिरी, जायफळ, कोकम विक्रीला, आणि थोरल्या भावाच्या गळ्यात मंडळाचं सेक्रेटरीपण.

पहिल्या दोन गोष्टी एकाच घरच्या. पाहुणा परतताना मिरी घेऊन जातो, आणि मिरी मागवणारा पुढच्या पावसात राहायला येतो. नाव एकच राहिलं तर दोन्ही धंद्यांना फायदा. म्हणून ‘राहा डॉट उदाहरण डॉट कॉम’ आणि ‘दुकान डॉट उदाहरण डॉट कॉम’, होस्टिंग, म्हणजे साइटच्या फाइली ठेवायची भाड्याची जागा, एकच.

नाट्यमंडळाचं डोमेन मात्र वेगळं घ्या म्हटलं, तर थोरल्या भावाला ते पटेना. वर्षाचे काहीशे रुपये वाचत असताना उगाच खर्च कशाला? पण सबडोमेन म्हणजे मालकी नव्हे. उदाहरण डॉट कॉम ज्याच्या नावावर, त्याच्या मर्जीवर ‘नाटक डॉट उदाहरण डॉट कॉम’. तुम्ही नूतनीकरण विसरलात तर जत्रेच्या नाटकाची जाहिरातही तुमच्या होमस्टेबरोबर गायब. उद्या समिती बदलली, नवा सेक्रेटरी आला, तर त्याला तो पत्ता घेऊन जाता येणार नाही, कारण सबडोमेन दुसऱ्याच्या नावावर करून देण्याची सोयच नाही. मालक एक असेल तर सबडोमेन करा. मालक वेगळा असेल, किंवा उद्या वेगळा होण्याची शक्यता असेल, तर डोमेनच वेगळं. ज्याने घरच्या इन्व्हेंटरीचं, म्हणजे वारसांमधल्या वाटणीचं, प्रकरण कोर्टात बघितलंय त्याला याहून जास्त सांगायला नको.

मग सबडोमेन करू की नुसतं फोल्डर? गूगलला काय आवडतं?

गूगलने स्वतःच सांगितलंय की त्यांच्या शोधाला दोन्ही चालतं. तेव्हा गूगल बाजूला ठेवा आणि कामाकडे बघा. खानावळीचा मेनू हा खानावळीच्या साइटचाच भाग. आज हुमण आहे की नाही हे सांगायला वेगळं सबडोमेन कशाला? ‘उदाहरण डॉट कॉम स्लॅश मेनू’ पुरे. उलट दुकानाला कार्ट लागते, पेमेंट लागतं, वेगळं सॉफ्टवेअर लागतं, आणि होमस्टेची साइट म्हणजे चार साधी पानं. सॉफ्टवेअर वेगळं, सांभाळणारा माणूस वेगळा, किंवा उद्या दुसऱ्या सर्व्हरवर न्यायची वेळ येईल असं वाटत असेल, तर सबडोमेन.

एवढं लक्षात ठेवा की प्रत्येक सबडोमेनला स्वतःची रोबोट्स फाइल (शोधयंत्रांनी कुठे यावं, कुठे नको ते सांगणारी) लागते. मुख्य साइटची तिथे चालत नाही. साइट शोधात कशी दिसते ते दाखवणाऱ्या गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये मात्र ‘डोमेन’ प्रकारची नोंद केली की सगळी सबडोमेन एकत्र दिसतात. तिच्यासाठी डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून सर्व्हर शोधून देणाऱ्या व्यवस्थेत, एक टीएक्सटी रेकॉर्ड (मजकुराची नोंद) टाकावा लागतो.

मराठी, कोकणी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत साइट हवी. भाषेगणिक सबडोमेन?

हा खास आपल्याकडचा प्रश्न. राजभाषा कायदाही १९८७ चाच: कोकणी राजभाषा, आणि सरकारी कामात मराठी वापरायची मुभा. त्यामुळे देवस्थानापासून वाचनालयापर्यंत प्रत्येकाला तिन्ही भाषा हव्या असतात, आणि कुठली आधी यावर बैठकीत दीड तास जातो.

माझं मत फोल्डरच्या बाजूने. मजकूर तोच, चित्रं तीच, फक्त भाषा बदलते; त्यासाठी तीन साइट सांभाळायच्या म्हणजे उत्सवाची तारीख बदलली की तीन ठिकाणी बदलायची. आणि एका ठिकाणी ती जुनीच राहणार, हे लिहून घ्या.

एक अडचण मात्र दोन्ही पद्धतींत येते. ‘हेच पान दुसऱ्या भाषेत इथे आहे’ असं गूगलला सांगणारी जी खूण असते तिच्यात दोन अक्षरी भाषासंकेत चालतात. मराठीला ‘एमआर’ आहे. कोकणीला दोन अक्षरी संकेतच नाही. तीन अक्षरी ‘केओके’ आहे आणि गोव्याच्या कोकणीसाठी ‘जीओएम’. यातला एक संकेत पानाच्या आत भाषा म्हणून लिहा, ब्राउझर आणि वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी तो बरोबर आहे. पण शोधात कोकणी पानाला कोकणी म्हणून ओळखतील अशी अपेक्षा ठेवू नका. मेनूमध्ये ‘कोकणी’ असं ठळक बटण द्या, माणसं ते बघून बरोबर जातात.

सीपॅनेलमध्ये सबडोमेन कसं करायचं? आणि फोल्डर कुठे ठेवायचं?

सीपॅनेल म्हणजे होस्टिंग सांभाळायचं पडद्यावरचं पॅनेल. त्यात ‘डोमेन्स’ उघडा, नवीन डोमेनचं बटण दाबा, पूर्ण नाव लिहा. खाली एक चौकोन असतो, बहुधा आधीच टिक केलेला: मुख्य साइटचंच फोल्डर वापरायचं, अशा अर्थाचा. ती टिक काढा. राहिली तर दुकानाच्या पत्त्यावर होमस्टेचं पान उघडतं आणि मला फोन येतो.

टिक काढली की फोल्डरचं नाव विचारणारी चौकट येते. सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते इथेच. जुनी पॅनेलं सबडोमेनचं फोल्डर मुख्य साइटच्या पोटात, म्हणजे पब्लिक-एचटीएमएलच्या आत टाकायची. दिसायला ठीक, पण त्याने दोन गोष्टी होतात. पहिली: दुकान दोन पत्त्यांवर उघडू शकतं, एकदा सबडोमेनवर आणि एकदा ‘उदाहरण डॉट कॉम स्लॅश दुकान’वर. दुसरी जास्त त्रासाची. अपाची सर्व्हर एखादं पान देताना वरच्या फोल्डरपासून खाली येतो आणि वाटेत भेटणारी, त्या त्या फोल्डरचे नियम लिहिलेली प्रत्येक डॉट-एचटीअ‍ॅक्सेस फाइल वाचतो. म्हणजे मुख्य साइटला लावलेला नियम पोटातल्या साइटलाही लागू होतो.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. होमस्टेच्या साइटची डागडुजी चालली होती, तेवढ्यापुरता तिला पासवर्ड लावला. दोन दिवस दुकानाला एकही ऑर्डर नाही. आम्ही पेमेंटवाल्यांवर तोंडसुख घेतोय, आणि तिसऱ्या दिवशी मडगावच्या एका गिऱ्हाईक बाईंनी फोन करून विचारलं, ‘‘तुमच्या दुकानाचा पासवर्ड काय हो?’’

तेव्हापासून प्रत्येक सबडोमेनचं फोल्डर पब्लिक-एचटीएमएलच्या बाहेर, त्याच्या शेजारी. नवीन पॅनेलं आपणहून तसंच सुचवतात; तुम्ही फक्त बदलू नका. डेटाबेसही प्रत्येकाला वेगळा.

सबडोमेन केलं, पण उघडत नाही. चोवीस तास थांबायचं का?

थांबायची गरज क्वचितच असते, बघायची असते. पहिल्यांदा तुमचे नेमसर्व्हर, म्हणजे तुमच्या डोमेनच्या डीएनएस नोंदी ठेवणारे सर्व्हर, कुठले ते बघा. डोमेनचे नेमसर्व्हर क्लाउडफ्लेअर या कंपनीकडे असतील तर सीपॅनेलमध्ये केलेली डीएनएसची नोंद जगाला दिसतच नाही. तिथे जाऊन ‘ए’ रेकॉर्ड हाताने टाकावा लागतो, त्यात होस्टिंगचा आयपी पत्ता, म्हणजे सर्व्हरचा आकडी पत्ता. दुसऱ्या कंपनीची सेवा जोडायची असेल तर ती बहुधा ‘सीनेम’ रेकॉर्ड (एक नाव दुसऱ्या नावाकडे वळवणारी नोंद) मागते. एका नावावर सीनेम असेल तर त्याच नावावर दुसरा कुठलाही रेकॉर्ड ठेवता येत नाही.

आणि एक खोड जवळजवळ प्रत्येकाला असते: सबडोमेन करायच्या आधीच ‘उघडतंय का बघूया’ म्हणून ब्राउझरमध्ये पत्ता टाकून बघणं. तेव्हा डीएनएस उत्तर देतं, ‘असं नाव नाही’. हे ‘नाही’सुद्धा तुमच्या इंटरनेटवाल्याचा सर्व्हर काही काळ लक्षात ठेवतो. मग सबडोमेन झालं तरी तो तुम्हाला तेच जुनं ‘नाही’ सांगत राहतो, कधी कधी तासन्‌तास. घरचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर बघा. तिथे उघडलं तर काम झालेलं आहे, चहा घ्या.

प्रत्येक सबडोमेनला कुलूप, म्हणजे एसएसएल, वेगळं विकत घ्यायचं?

नाही. या कुलपासाठी लागणारी प्रमाणपत्रं लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून फुकट मिळतात, ९० दिवस चालतात, आणि बहुतेक पॅनेलं ती स्वतःच नवी करून घेतात. अट एकच: सबडोमेनचा रेकॉर्ड त्याच सर्व्हरकडे बोट दाखवत असला पाहिजे.

सगळ्या सबडोमेनना मिळून एकच, म्हणजे वाइल्डकार्ड प्रमाणपत्रही २०१८ पासून त्यांच्याकडे फुकट मिळतं. त्यासाठी डीएनएसमधून पडताळणी करावी लागते. ते एकाच पायरीपुरतं असतं, हे विसरू नका. ‘राहा डॉट उदाहरण डॉट कॉम’ त्यात येतं, ‘बुकिंग डॉट राहा डॉट उदाहरण डॉट कॉम’ येत नाही. सबडोमेनला सबडोमेन जोडू नका, एवढंच.

नवीन साइट ‘टेस्ट’ नावाच्या सबडोमेनवर बनवतोय. कुणाला सांगितलं नाही तर कुणाला कळणार?

सगळ्यांना. प्रमाणपत्र दिलं गेलं की त्यातलं नाव सार्वजनिक नोंदवहीत चढतं. ही नोंदवही कुणीही चाळू शकतो, आणि अर्धवट, जुन्या प्लगइनच्या (साइटला जोडलेल्या जादा सॉफ्टवेअरच्या) साइट शोधणारी यंत्रं ती दिवसरात्र चाळतच असतात. वाइल्डकार्ड असेल तर वेगळं नाव तिथे दिसत नाही, पण ‘टेस्ट’ हे नाव कुणीही अंदाजाने टाकून बघतं.

रोबोट्स फाइलमध्ये ‘येऊ नका’ लिहिणं म्हणजे दाराला कुलूप न लावता ‘कृपया आत येऊ नये’ अशी पाटी लावणं. पॅनेलमधून त्या फोल्डरला पासवर्ड लावा. साइट तयार झाली की तो काढा, आणि वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरमधली ‘शोधयंत्रांना रोखा’ ही टिकही काढा. एका वाचनालयाच्या साइटवर मी ती अकरा महिने विसरलो होतो.

एका साइटला व्हायरस लागला तर बाकीच्या सुरक्षित राहतात ना? वेगळी सबडोमेन आहेत की.

राहत नाहीत, आणि हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. सबडोमेनने पत्ता वेगळा होतो, घर एकच राहतं. साध्या शेअर्ड होस्टिंगवर तुमच्या खात्यातल्या सगळ्या साइट एकाच वापरकर्त्याच्या नावाने चालतात. एकीतून आत शिरलेली फाइल शेजारच्या फोल्डरमध्ये सहज लिहू शकते. मधे भिंत नसते.

माझ्या एका खात्यात चार साइट होत्या. त्यातली एक, एका जुन्या एकांकिका स्पर्धेची. स्पर्धा संपली, बक्षिसं वाटली गेली, साइट तशीच राहिली. फोटो गॅलरीचं एक प्लगइन तीन वर्षं कुणी अद्ययावत केलं नव्हतं. चतुर्थीच्या आधी, माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीचं) सामान आणायला म्हापशाच्या बाजारात उभा होतो तेव्हा पहिला फोन आला: ‘‘आमच्या साइटवर गोळ्यांच्या जाहिराती दिसतायत.’’ दुसरा फोन दुसऱ्या साइटवाल्याचा. दोघांना मी म्हटलं, बघतो. चारही साइट एकामागून एक साफ करायला मला पूर्ण दोन रात्री लागल्या, कारण एक साफ केली की दुसरीतून घाण परत यायची. शेवटी चारही एकदम बंद केल्या, जुने बॅकअप परत चढवले, सगळे पासवर्ड बदलले, तेव्हा सुटलो.

त्यामुळे आता माझा नियम: जिथे पैसे घेतले जातात किंवा लोकांचे फोन नंबर साठवले जातात, ती साइट वेगळ्या होस्टिंग खात्यात. सबडोमेन असली तरी हरकत नाही. पत्ता तोच ठेवून सर्व्हर वेगळा ठेवता येतो. आणि संपलेल्या कार्यक्रमाची साइट साध्या एचटीएमएल पानांत बदलून टाका. साध्या पानांत प्लगइनच नसतं, मग जुनं काय होणार?

‘अनलिमिटेड सबडोमेन’ लिहिलंय. खरोखर कितीही करता येतील?

नावं कितीही करा. मेमरी, प्रोसेसर आणि फाइलींची संख्या यांना मर्यादा असते, आणि ती सगळ्यांना मिळून. कुळागरात पाट एकच असतो. वरच्या बाजूने कुणी पाणी जास्त वळवलं की खालच्या पोफळी सुकतात. दुकानावर सणाची गर्दी झाली की होमस्टेची साइटही रांगते, ती याच कारणाने. फाइलींची संख्या पॅनेलमध्ये ‘आयनोड’ नावाखाली दिसते. ती बहुतेक वेळा जुन्या ईमेलनी आणि विसरलेल्या बॅकअपनी भरलेली असते, साइटनी नव्हे.

वर्डप्रेस मल्टिसाइट वापरू का?

जून २०१० मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून एकाच वर्डप्रेसवर अनेक साइट चालवायची ही सोय त्यातच आहे. एकाच संस्थेच्या दहा शाखा, सगळ्यांचं रूप सारखं, तर उत्तम. होमस्टे आणि दुकान यांसाठी नको. एक प्लगइन बिघडलं की सगळ्या एकदम पडतात, आणि त्यातली एकच बाहेर काढायची म्हटली की घाम फुटतो.

सबडोमेनचं नाव देवनागरीत ठेवता येतं?

येतं. ‘डॉट भारत’ हे देवनागरी टोकही २०१४ पासून मिळतंय, आणि त्याच्याखाली मराठी नावं घेता येतात. पडद्यामागे त्या नावाचं ‘एक्सएन’ आणि दोन डॅशनी सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांत रूपांतर होतं, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना कधी कधी तेच अगम्य रूप उमटतं. बोर्डावर, पत्रिकेवर देवनागरी पत्ता सुरेख दिसतो. पण त्याच्या जोडीला रोमन पत्ता ठेवाच आणि एकावरून दुसऱ्यावर वळवा.

रोमन नावात अक्षरं, आकडे आणि मधे डॅश एवढंच, अंडरस्कोर नको. प्रत्येक तुकडा जास्तीत जास्त ६३ अक्षरांचा. फोनवर एका दमात सांगता येईल असं नाव ठेवा, ६३ ची काळजी करायची वेळच येणार नाही.

मुख्य डोमेनवरचे ईमेल बिघडतील का?

नवीन सबडोमेनने नाही. पण सबडोमेनच्या नावाने मेल पाठवणार असाल, उदाहरणार्थ दुकानाच्या पावत्या, तर त्याला एसपीएफची नोंद (त्या नावाने मेल कुठल्या सर्व्हरने पाठवायचे ते सांगणारी) स्वतंत्र करावी लागते. मुख्य डोमेनची आपोआप लागू होत नाही. जाहिरातीचे मेल पाठवायचेच असतील तर ते वेगळ्या सबडोमेनवरून पाठवा. ते स्पॅममध्ये गेले तरी तुमच्या रोजच्या पत्रव्यवहाराला झळ कमी लागते.

एक सबडोमेन दुसऱ्या कंपनीच्या होस्टिंगवर हलवायचं आहे. बाकीच्यांना धक्का लागेल?

लागणार नाही, आणि सबडोमेन केल्याचा खरा फायदा तेव्हा कळतो. आदल्या दिवशी त्या रेकॉर्डचा टीटीएल, म्हणजे इतर सर्व्हरनी तो किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत, कमी करा. सीपॅनेलमध्ये तो सहसा १४४०० सेकंद, म्हणजे चार तास असतो, तो ३०० करा. नवीन जागी साइट चढवा, तपासा, मग ‘ए’ रेकॉर्डमधला आयपी बदला. जुनी प्रत आठवडाभर राहू द्या. दुकान असेल तर बदलाच्या त्या तासाभरात ऑर्डर घेणं बंद ठेवा, नाहीतर काही ऑर्डर जुन्या डेटाबेसमध्ये जाऊन बसतात.

नको असलेलं सबडोमेन कसं काढायचं?

क्रम महत्त्वाचा. सबडोमेन बाहेरच्या एखाद्या सेवेला सीनेमने जोडलेलं असेल तर आधी डीएनएसमधला रेकॉर्ड काढा, मग त्या सेवेतलं खातं बंद करा. उलट केलंत तर रेकॉर्ड लोंबकळत राहतो, आणि ते सोडलेलं नाव त्या सेवेवर दुसऱ्या कुणी घेतलं तर तुमच्या पत्त्यावर त्याची साइट दिसू लागते. असे प्रकार सर्रास होतात.

तुमच्याच होस्टिंगवर असेल तर पॅनेलमधून काढा. पण त्याने फक्त नाव जातं. फोल्डर, फाइली आणि डेटाबेस तिथेच राहतात. बॅकअप उतरवून घ्या, मग ते हाताने पुसा. जुन्या पत्त्याच्या पत्रिका अजून लोकांकडे असतील तर सबडोमेन काढूच नका, ३०१ रीडायरेक्टने नवीन पत्त्यावर वळवून ठेवा. आमच्या गावच्या दुकानात अजून एका नाटकाचं पोस्टर आहे, त्यावरचा पत्ता मी सहा वर्षं असाच वळवून ठेवलाय.